फ्रँकफर्टला पुढचं विमान चुकलं, तर

मुंबईहून मध्यरात्रीनंतर सुटणारं विमान दीड तास उशिरा निघालं, तर त्या वेळी कोणाला फारसं काही वाटत नाही. पोरं खुर्च्यांवर झोपलेली असतात, आई-बाबा पाय मोकळे करत असतात आणि 'हवेत भरून काढतील' असं कोणीतरी म्हणतं. पण हवेत दीड तास भरून निघत नाही. मुंबई ते फ्रँकफर्ट साधारण साडेसहा हजार किलोमीटर आहे आणि युरोपकडे जाताना वरचा वारा बहुतेक समोरूनच येतो. त्यामुळे मुंबईत गेलेला दीड तास सकाळी फ्रँकफर्टला जसाच्या तसा समोर उभा राहतो, आणि व्हिएन्नाचं विमान तोवर गेलेलं असतं.

सगळं नीट समजावं म्हणून इथे एकच मार्ग धरला आहे: मुंबई–फ्रँकफर्ट–व्हिएन्ना. युरोप सहलीला जाणाऱ्या अनेक मराठी कुटुंबांचा प्रवास याच धर्तीचा असतो, फक्त मधलं शहर म्युनिक, झुरिक, पॅरिस, इस्तंबूल किंवा दोहा असतं. पुढचं विमान चुकल्यावर काय होणार, हे बरंचसं तिकीट काढलं त्या दिवशीच ठरलेलं असतं. म्हणून सुरुवात तिकिटापासूनच करू.

तिकीट एक की दोन

मुंबई–फ्रँकफर्ट आणि फ्रँकफर्ट–व्हिएन्ना ही दोन्ही विमानं एकाच बुकिंगवर असतील, तर तुम्हाला व्हिएन्नाला पोचवण्याची जबाबदारी एअरलाइनची. पहिलं विमान उशिरा आलं आणि दुसरं चुकलं, तर पुढच्या विमानात जागा तिनं द्यायची, जादा पैसे न घेता. दोन वेगळी तिकिटं असतील, तर दुसऱ्या एअरलाइनच्या लेखी तुम्ही गेटवर न आलेले प्रवासी. तिचा तुमच्या पहिल्या विमानाशी काही संबंध नाही. तिकीट बुडालं, नवं तिकीट त्या दिवशीच्या भावानं.

हे तपासायला दोन मिनिटं लागतात. सहा अक्षर-आकड्यांचा पीएनआर, म्हणजे बुकिंगचा नंबर, दोन्ही विमानांना एकच हवा. त्याहून पक्की खूण म्हणजे तेरा आकडी ई-तिकीट नंबर. एका प्रवाशाच्या दोन्ही विमानांना तो एकच असेल, तर तिकीट एक. त्यातले पहिले तीन आकडे तिकीट देणाऱ्या एअरलाइनचे असतात, लुफ्तान्साचे 220. स्वस्त तिकिटं शोधणाऱ्या साइट कधी कधी दोन वेगळ्या कंपन्यांची तिकिटं जोडून एकाच पानावर दाखवतात आणि बारीक अक्षरांत 'सेल्फ ट्रान्सफर' लिहितात. मधल्या विमानतळावर बॅग स्वतः घ्या, पुन्हा चेक-इन करा, उशीर झाला तर तुमचं तुम्ही बघा, असा त्याचा अर्थ. साइटची स्वतःची 'गॅरंटी' असली तरी ती एअरलाइनची नव्हे. काउंटरवर ती दाखवून काहीही मिळत नाही.

माणशी सात-आठ हजार रुपये वाचतात म्हणून चौघांचं कुटुंब असं तिकीट घेतं. लहान मुलं किंवा सत्तरीचे आई-बाबा बरोबर असतील, तर ही बचत करूच नये असं माझं ठाम मत आहे. करायचीच असेल, तर मधल्या शहरात एक रात्र मुद्दाम मुक्काम ठेवा.

मिनिटांचा हिशोब

प्रत्येक विमानतळाची एक 'मिनिमम कनेक्टिंग टाइम', म्हणजे एका विमानातून दुसऱ्यात जायला धरलेली कमीत कमी वेळ, ठरलेली असते. फ्रँकफर्टला ती साधारण 45 मिनिटं, व्हिएन्नाला त्याहूनही कमी. म्हणून संगणक तुम्हाला पंचावन्न मिनिटांचं कनेक्शनही बिनधास्त विकतो. सगळं वेळेवर असेल, माणूस तरुण असेल आणि पुढच्या रांगेत बसला असेल, तर ते जमतंही. कुटुंबाचं गणित वेगळं असतं.

विमानाचं दार उघडल्यापासून अडतिसाव्या रांगेतल्या माणसाला बाहेर पडायला पंधरा-वीस मिनिटं. विमान दूर उभं केलं असेल, तर बसची दहा मिनिटं आणखी. मग सुरक्षा तपासणी. भारतातून आलेल्या प्रवाशाची फ्रँकफर्टला पुन्हा तपासणी होते. मुंबईत भरलेली पाण्याची बाटली इथे टाकावी लागते आणि ड्यूटी फ्रीची बाटली सीलबंद पिशवीत पावतीसकट नसेल तर तीही. पंधरा-वीस मिनिटं. त्यानंतर पासपोर्ट. शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांत, तुम्ही जिथे पहिल्यांदा उतरता तिथे इमिग्रेशन होतं. म्हणजे व्हिएन्नाला जायचं असलं तरी नोंद फ्रँकफर्टला. 12 ऑक्टोबर 2025 पासून युरोपनं शिक्क्याऐवजी संगणकीय नोंदीची पद्धत टप्प्याटप्प्यानं सुरू केली. त्यात पहिल्या वेळी फोटो आणि नोंदणी होते, म्हणून रांग हळू सरकते. इथे अर्धा तास सहज धरा, सकाळी पाच-सहा मोठी विमानं एकदम उतरली तर पाऊण तास. शेवटी चाल. भारतातून येणारी विमानं बी, सी किंवा झेड गेटांवर लागतात, शेंगेनमधली बरीचशी विमानं ए गेटांवरून सुटतात. झेड आणि ए एकाच इमारतीत वर-खाली आहेत. बी-कडून ए-कडे मात्र सरकत्या पट्ट्यांच्या लांब बोगद्यातून जावं लागतं. दहा-पंधरा मिनिटं. आणि गेट विमान सुटण्याच्या पंधरा-वीस मिनिटं आधी बंद होतं, हे सगळे विसरतात.

बेरीज करा. सगळं वेळेवर असतानाही दीड ते सव्वादोन तास लागतात. म्हणून फ्रँकफर्टला अडीच तास ठेवावेत, व्हीलचेअर असेल तर साडेतीन. व्हीलचेअरचा प्रवासी विमानातून सगळ्यात शेवटी उतरतो. दाराशी माणूस येईपर्यंत वीस मिनिटं जातात आणि वाटेत गाडी बदलताना पुन्हा थांबावं लागतं. मदत चांगलीच मिळते, पण सावकाश मिळते.

आणखी एक गोष्ट तिकीट काढताना बघायची. तुमचं पुढचं विमान चुकलं, तर त्याच दिवशी त्या शहराला आणखी किती विमानं आहेत? फ्रँकफर्टहून व्हिएन्नाला दिवसभर विमानं असतात. सकाळचं चुकलं तर दुपारचं मिळतं. एखाद्या लहान शहराला दिवसातून दोनच असतील आणि तुम्ही संध्याकाळचं धरलं असेल, तर रात्र विमानतळावर काढायची तयारी ठेवा. दिवसाचं शेवटचं विमान कधीही कनेक्शन म्हणून घेऊ नये.

निघण्याआधी

एजंटकडून तिकीट काढलं की बुकिंगमध्ये बहुतेक वेळा एजंटचाच मोबाइल नंबर आणि ईमेल असतो. रात्री अकरा वाजता विमान पुढे ढकललं, मेसेज एजंटला गेला, एजंट झोपला. म्हणून तिकीट हातात आलं की एअरलाइनच्या साइटवर जाऊन पीएनआर आणि आडनाव टाकून स्वतःचा नंबर आणि ईमेल घाला. एअरलाइनचं अॅप घरातल्या दोन फोनवर घ्या आणि दोन्हींत बुकिंग जोडून ठेवा. एका फोनवर तरी भारतीय नंबरचं रोमिंग चालू हवं, कारण कार्डाचा ओटीपी त्याच्यावरच येणार.

हातातल्या बॅगेत प्रत्येकाचा एक कपड्यांचा जोड, पातळ स्वेटर, चार्जर, दोन गोल पिनांचा प्लग आणि किमान तीन दिवसांची औषधं हवीत. ब्लडप्रेशर, शुगर, थायरॉइडच्या गोळ्या मोठ्या बॅगेत ठेवून माणसं चेक-इन करतात. रात्र फ्रँकफर्टच्या हॉटेलात काढायची वेळ आली, की बॅग विमानतळाच्या पोटात आणि गोळ्या बॅगेत. ती बॅग मागवता येते, पण मिळायला दोन-तीन तास लागू शकतात. प्रिस्क्रिप्शनवर औषधाचं मूळ नाव लिहून घ्या, आपल्याकडचं ब्रँडचं नाव तिथल्या औषधवाल्याला कळत नाही.

खाण्याचं म्हणाल तर खाकरे, कोरडा चिवडा, दशम्या, शेंगदाण्याची चिक्की हातातल्या बॅगेत चालतं. लोणचं आणि तूप सुरक्षा तपासणीत द्रवात मोजतात. पेढे, बर्फी, पनीर असले दुधाचे पदार्थ आणि मांस बाहेरून युरोपियन युनियनमध्ये नेता येत नाही, तेव्हा ते आणूच नका. विमान बदललं की शाकाहारी किंवा जैन जेवणाची मागणी नव्या बुकिंगमध्ये आपोआप जात नाही आणि ती बहुतेक ठिकाणी चोवीस तास आधी द्यावी लागते. म्हणजे बदललेल्या विमानात डबा आपलाच.

मुंबईत उशीर कळला की

'विमान उशिरा' एवढं कळून भागत नाही, का उशिरा ते शोधा. तुम्हाला नेणारं विमान फ्रँकफर्टहून अजून निघालंच नसेल, तर विमानं कुठे आहेत ते दाखवणाऱ्या फ्लाइटरडार24 या साइटवर ते दिसतं आणि बोर्डावर काहीही लिहिलं असलं तरी खरी वेळ तुम्हाला काढता येते. विमान उतरल्यापासून पुन्हा सुटायला मोठ्या विमानाला किमान दीड-दोन तास लागतात. कारण दाट धुकं असेल, किंवा वैमानिक-कर्मचाऱ्यांचे कामाचे तास संपत आले असतील, तर उशीर टप्प्याटप्प्यानं वाढत जातो. अर्धा तास, मग आणखी एक, मग रद्द. युरोपच्या आकाशात गर्दी असली की ब्रुसेल्सच्या युरोकंट्रोलकडून, म्हणजे युरोपची हवाई वाहतूक सांभाळणाऱ्या संस्थेकडून, विमानाला सुटायची ठरावीक वेळ मिळते, त्या वेळेच्या पाच मिनिटं आधीपासून दहा मिनिटं नंतरपर्यंत. ती हुकली की नवी वेळ, म्हणजे पुन्हा थांबणं. म्हणूनच सगळे बसलेले असताना, दारं लागलेली असताना विमान तासभर जागचं हलत नाही.

उशीर दीड तासाच्या वर दिसत असेल आणि तुमचं कनेक्शन अडीच तासांचं असेल, तर चेक-इन काउंटरवरच विचारा: पुढच्या विमानाची जागा आत्ताच बदलून द्याल का? मुंबईतला माणूस ते करू शकतो. 'फ्रँकफर्टला बघतील' असंही उत्तर मिळेल. तरी विचारायचं, कारण तिथे दोनशे माणसं रांगेत लागण्याआधी इथे तुम्ही पहिले असता.

आपल्या डीजीसीएच्या, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याच्या, नियमाप्रमाणे भारतीय एअरलाइननं उशिराच्या ठरावीक तासांनंतर खाणं-पिणं द्यायचं असतं. रात्री 8 ते पहाटे 3 या वेळेत सुटणारं विमान सहा तासांहून जास्त उशिरा असेल, तर हॉटेलही द्यायचं. निव्वळ उशिराबद्दल रोख भरपाई मात्र या नियमात नाही. तक्रार सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर करता येते.

फ्रँकफर्टला उतरल्यावर

विमान जमिनीला टेकलं की फोन चालू करा आणि अॅप उघडा. कनेक्शन चुकणार हे संगणकाला तुमच्याआधी कळलेलं असतं आणि पुष्कळदा त्यानं तुम्हाला पुढच्या विमानात टाकलेलंही असतं. नवा बोर्डिंग पास अॅपमध्ये दिसला, वेळ सोसण्यासारखी असली, तर रांगेत उभं राहायची गरजच नाही. चौघांची नावं नव्या विमानात आहेत ना, तेवढं बघा. कधी कधी तिघं दुपारच्या विमानात आणि एक संध्याकाळच्या, असं होतं.

अॅपमध्ये काही नसेल किंवा उद्याचं विमान दिलं असेल, तर कामं वाटून घ्या. एकानं ट्रान्सफर काउंटरच्या रांगेत उभं राहायचं, दुसऱ्यानं त्याच वेळी एअरलाइनच्या फोनवर. भारतातला कॉल सेंटरचा नंबरही चालतो, बुकिंग तेच दिसतं. ज्याचं आधी लागेल त्याचं घ्यायचं, दुसऱ्यानं रांग सोडायची. तिसऱ्यानं फोनवर पर्याय शोधायचे. काउंटरवरच्या बाईंना 'काहीतरी करा' म्हणण्यापेक्षा 'अमुक वाजताच्या अमुक नंबरच्या विमानात चार जागा दिसतायत, त्यात टाकता का?' असं विचारलं, तर काम पाच मिनिटांत होतं. आधी त्याच एअरलाइनची विमानं बघा, मग तिच्या गटातली. लुफ्तान्सा, ऑस्ट्रियन, स्विस, टर्किश, एअर इंडिया ही सगळी स्टार अलायन्सची. झुरिक किंवा म्युनिकमार्गे वळसाही चालेल का, हे घरच्यांशी आधीच बोलून ठेवा.

रेल्वे हाही खरा पर्याय आहे. फ्रँकफर्ट विमानतळाचं लांब पल्ल्याच्या गाड्यांचं स्वतंत्र स्टेशन आहे. व्हिएन्नाला रेल्वेनं साडेसहा तास लागतात, म्हणजे परवडत नाही. पण कोलोन, स्टुटगार्ट, बाझल अशी ठिकाणं असतील, तर रेल्वे विमानाआधी पोचवते. इथे एक मोठा खड्डा आहे आणि त्यात खूप जण पडतात. वैतागून तुम्ही स्वतःच्या पैशानं रेल्वेनं निघून गेलात आणि एअरलाइनला सांगितलं नाही, तर तिच्या संगणकात तुम्ही फ्रँकफर्ट–व्हिएन्ना विमानाला न आलेले प्रवासी. एक टप्पा सोडला की त्यापुढचे सगळे टप्पे रद्द होतात, परतीचं तिकीटसुद्धा! दहा दिवसांनी परतीचं चेक-इन करताना ते कळतं. म्हणून जायचं असेल तर काउंटरवर सांगून, बुकिंगमध्ये तशी नोंद करून घेऊन आणि परतीचे टप्पे शाबूत आहेत हे ईमेलवर लेखी घेऊनच जा.

तीच गोष्ट स्वतः नवं तिकीट काढण्याची. एअरलाइनला आधी संधी द्यायची, तिनं नकार दिला किंवा दोन दिवसांनंतरचंच विमान देऊ केलं, तर ते लेखी घ्यायचं, बोर्डाचा फोटो काढायचा, आणि मग तिकीट काढायचं. नाहीतर ते पैसे परत मागताना तुमच्याकडे पुरावा काहीच नसतो.

रात्र काढायची वेळ आली तर

हॉटेलचं कूपन मिळालं की तीन गोष्टी विचारा: जेवण यात आहे का, हॉटेलपर्यंतची गाडी यात आहे का, सकाळी परत यायचं कसं. गर्दीच्या दिवशी कूपनं संपतात. 'तुम्ही हॉटेल घ्या, बिल पाठवा' असं सांगतात. मग साधं, विमानतळाजवळचं हॉटेल घ्यायचं, बिल नावासकट ठेवायचं. पंचतारांकित खोलीचं बिल कोणी मंजूर करत नाही, दारूचंही नाही.

व्हिसाचं विसरू नका. फ्रँकफर्टला तुमच्याकडे शेंगेन व्हिसा असतो, म्हणून बाहेर पडता येतं. लंडनमार्गे जात असाल आणि ब्रिटनमध्ये प्रवेशाचा व्हिसा नसेल, तर बाहेरच्या हॉटेलचं कूपन हातात असून बहुतेक वेळा उपयोग नाही, रात्र आतच खुर्चीवर. दोहा, दुबई, सिंगापूर इथे विमानतळाच्या आतच हॉटेलं आहेत. फ्रँकफर्टच्या टर्मिनल 1 मध्येही झेड विभागात एक आहे. परत येताना आणखी काळजी घ्यायची. एकाच प्रवेशाचा व्हिसा असेल आणि पासपोर्ट तपासणी ओलांडून आत गेल्यावर विमान रद्द झालं, तर बाहेर पडल्याची नोंद आधीच झालेली असते. अशा वेळी एकटं बाहेर जायचा प्रयत्न करू नका. एअरलाइनच्या माणसाबरोबर सीमा पोलिसांकडे जाऊन ती नोंद रद्द करून घ्यावी लागते. आणि व्हिसाची शेवटची तारीख परतीच्या तारखेच्या चार-पाच दिवस तरी पुढे असावी. दोन्ही एकाच दिवशी आल्या तर एक चुकलेलं विमान तुम्हाला बेकायदा मुक्कामी ठरवतं.

पैसे: कोणाला, किती, कशाबद्दल

युरोपियन युनियनचा 261/2004 हा नियम फेब्रुवारी 2005 पासून लागू आहे. मराठी प्रवाशांनी तो नीट समजून घ्यायला हवा, कारण हक्क असून आपण मागत नाही. नॉर्वे, आइसलंड आणि स्वित्झर्लंडही त्यात येतात. युरोपियन युनियनमधून सुटणारं कोणतंही विमान या नियमात येतं, मग एअरलाइन कुठलीही असो. बाहेरून तिथे येणारं विमान मात्र एअरलाइन याच देशांतली असेल तरच. म्हणजे मुंबई–फ्रँकफर्ट–व्हिएन्ना लुफ्तान्सानं: लागू. मुंबई–दुबई–पॅरिस एमिरेट्सनं: लागू नाही. पण परतीचं पॅरिस–दुबई–मुंबई एकाच बुकिंगवर असेल, तर लागू, अगदी दुबईहून सुटलेल्या टप्प्यात उशीर झाला तरीसुद्धा. तिकिटावर कोणाचा नंबर आहे हे बघत नाहीत, विमान प्रत्यक्षात कोणी उडवलं ते बघतात.

उशीर मोजायचा तो शेवटच्या ठिकाणी. व्हिएन्नाला ठरलेल्या वेळेपेक्षा तीन तास किंवा जास्त उशिरा पोचलात, तर भरपाई. फ्रँकफर्टला उशीर फक्त पन्नास मिनिटांचा असला, तरी त्यामुळे पुढचं विमान चुकून व्हिएन्नाला पाच तास उशिरा पोचलात, तर पाच तासच धरतात. पोचण्याची वेळ म्हणजे चाकं टेकल्याची वेळ नव्हे, विमानाचं दार उघडल्याची वेळ. दोन तास अठ्ठावन्न मिनिटं की तीन तास दोन मिनिटं, हा फरक इथे ठरतो. म्हणून दार उघडलं की घड्याळ बघून लिहून ठेवा.

रक्कम अंतरावर ठरते: 1500 किलोमीटरपर्यंत 250 युरो, 3500 पर्यंत 400, त्यापुढे 600. मुंबई–व्हिएन्ना शेवटच्या गटात. उशीर तीन ते चार तासांच्या मधला असेल, तर 600 चे 300 करू शकतात. हे प्रत्येक प्रवाशाला, तिकीट काढलेल्या मुलांनाही. चौघांचे 2400 युरो होतात. कितीतरी कुटुंबं ते सोडून देतात. ब्रिटनचा नियम याच धर्तीचा आहे, तिथे वरची रक्कम 520 पौंड.

एअरलाइनच्या हाताबाहेरचं कारण असेल तर ही रोख भरपाई मिळत नाही: वादळ, हवाई नियंत्रकांचा संप, आकाश बंद होणं. 21 मार्च 2025 ला वीज उपकेंद्राच्या आगीमुळे हीथ्रो दिवसभर बंद पडला, 23 जून 2025 ला कतारनं आपलं आकाश बंद केलं, अशा वेळी 600 युरो मागून मिळणार नाहीत. पण विमानातला नेहमीचा तांत्रिक बिघाड, कर्मचारी आजारी पडणं, एअरलाइनच्या स्वतःच्या लोकांचा संप ही कारणं युरोपच्या न्यायालयानं हाताबाहेरची मानलेली नाहीत. उत्तरात 'ऑपरेशनल रीझन्स' एवढंच आलं, तर नेमकं कारण लेखी मागा. आणि जेवण, हॉटेल, पुढचं विमान हे मात्र कारण कोणतंही असलं तरी द्यावंच लागतं, ज्वालामुखीची राख असली तरीसुद्धा. ही दोन वेगळी खाती आहेत. काउंटरवर 'हवामान खराब आहे, काही मिळणार नाही' म्हणाले, तर रोख भरपाईबद्दल ते खरं असू शकतं, हॉटेलबद्दल नाही.

मागणी एअरलाइनच्या साइटवरच्या फॉर्मवर स्वतःच करा. पीएनआर, ई-तिकीट नंबर, बोर्डिंग पासचे फोटो आणि बँक खातं लागतं. आपल्या खात्याला युरोपसारखा आयबॅन, म्हणजे आंतरराष्ट्रीय खाते क्रमांक, नसतो. खाते क्रमांक, बँकेचा स्विफ्ट कोड आणि शाखेचा पत्ता द्यायचा. फॉर्म आयबॅनशिवाय पुढे जात नसेल, तर ईमेल करा. पैशांऐवजी कूपन देऊ केलं, तर लेखी संमती दिल्याशिवाय ते तुमच्यावर लादता येत नाही. वसूल करून देणाऱ्या कंपन्या मोठा वाटा कापून घेतात. पहिला नकार येईपर्यंत तरी त्यांच्याकडे जाऊ नका.

भारतातल्या ट्रॅव्हल इन्शुरन्समध्ये उशिराचं कलम बहुधा सहा किंवा बारा तासांनंतर लागू होतं, किती ते पॉलिसीत बघा. त्यासाठी एअरलाइनचं उशिराचं पत्र लागतं. ते काउंटरवर किंवा साइटवरून घरी येण्याआधीच मिळवा.

बॅग

चेक-इनच्या वेळी बोर्डिंग पासच्या मागे एक छोटा चिकट कागद लावून देतात. तो टाकू नका. त्यावर दहा आकडे असतात: पहिला बहुधा शून्य, पुढचे तीन एअरलाइनचे, उरलेले सहा तुमच्या बॅगेचे. शेजारी शेवटच्या विमानतळाची तीन अक्षरं असतात, व्हिएन्नासाठी व्ही-आय-ई. मुंबईतच ती वाचा. तिथे फ्रँकफर्टचं एफ-आर-ए असेल, तर बॅग फ्रँकफर्टलाच पट्ट्यावर येणार आणि तुम्ही व्हिएन्नाला वाट बघत बसणार.

विमान बदलून मिळालं की हा कागद दाखवून बॅग नव्या विमानाला जोडली ना, हे विचारा. तरीही आली नाही, तर पट्ट्यांच्या हॉलमधून बाहेर न पडता तिथल्याच लगेज काउंटरवर तक्रार नोंदवा. पीआयआर नावाचा कागद मिळतो. त्यावरचा नंबर विमानतळाची तीन अक्षरं, एअरलाइनची दोन अक्षरं आणि पाच आकडे असा असतो. त्याच नंबरावर बॅगेचा माग लागतो. पत्ता देताना पुढच्या सगळ्या हॉटेलांचे पत्ते तारखांसकट द्या, नाहीतर तुम्ही साल्झबर्गला आणि बॅग व्हिएन्नाच्या हॉटेलात. दरम्यान घेतलेले अंतर्वस्त्रं, टूथब्रश, गरम कपडे यांची बिलं ठेवा. विमान प्रवासाच्या माँट्रिअल या आंतरराष्ट्रीय करारानुसार, जो भारतालाही लागू आहे, उशिरा मिळालेल्या बॅगेची लेखी मागणी बॅग हातात आल्यापासून 21 दिवसांत आणि मोडतोडीची 7 दिवसांत करावी लागते. त्यानंतर दारं बंद.

पुढची सहल

विमान चुकल्याचं कळलं, की एअरलाइननंतर दुसरा मेसेज हॉटेलला. 'आज रात्री उशिरा किंवा उद्या येतोय, खोली ठेवा, बुकिंग रद्द करू नका', एवढं लेखी. पहिल्या रात्री न आलेल्या पाहुण्याचं पूर्ण तीन रात्रींचं बुकिंग काढून टाकणारी हॉटेलं आहेत. भाड्याची गाडी असेल, तर बुकिंगमध्ये विमानाचा नंबर आधीच घातलेला हवा. स्वस्तात काढलेलं जर्मन रेल्वेचं तिकीट त्याच गाडीपुरतं असतं. विमान उशिरा आलं म्हणून ते पुढच्या गाडीला चालत नाही. स्वित्झर्लंडमधल्या युंगफ्राऊयोखच्या डोंगरी रेल्वेसारखं महागडं तिकीट पोचण्याच्या दिवसाचं किंवा दुसऱ्या सकाळचं कधीही काढू नये. क्रूझ असेल तर बंदराच्या गावी एक दिवस आधी पोचा, जहाज कोणासाठी थांबत नाही. टूर कंपनीबरोबर असाल, तर टूर मॅनेजरला विचारल्याशिवाय काउंटरवर स्वतःचं विमान बदलू नका. ग्रुपच्या बुकिंगमधून एक कुटुंब वेगळं काढताना परतीचा गोंधळ होतो.

परत येताना मुंबईत

युरोपहून येणारी बरीचशी विमानं मुंबईला रात्री उशिरा उतरतात आणि त्याच सुमाराला आखातातलीही. तेव्हा इमिग्रेशन आणि बॅगेला मिळून दीड तास धरा. पुढे नागपूर किंवा गोव्याचं विमान असेल, तर बॅग बहुतेक वेळा मुंबईतच घेऊन कस्टम ओलांडून पुन्हा द्यावी लागते. देशांतर्गत विमान टर्मिनल 1 वरून असेल, तर टर्मिनल 2 मधून बाहेर पडून रस्त्यानं जावं लागतं. हे विमान वेगळ्या तिकिटावर असेल, तर चार तासांहून कमी ठेवू नका. पहाटेच्या विमानाऐवजी सकाळी नऊ-दहाचं घ्या. पुण्याला गाडी ठरवली असेल, तर ड्रायव्हरला सुटण्याची वेळ न सांगता विमानाचा नंबर द्या, म्हणजे तो फोनवर विमान बघून घरून निघेल.